तीन मँचेस्टर पाहिलेल्या बाई

"हात मागे," त्या म्हणायच्या. "आधी डोळ्यांनी बघा."

त्यांच्या घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागे. बॉयलरच्या सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाला ते इंग्रजीत ऐकावं लागे, एवढाच फरक. हॉलच्या भिंतींवर जुन्या रशियन जाहिराती फ्रेम करून लावलेल्या होत्या, सगळ्या कापडगिरण्यांच्या. कापड दिसलं की माणसाचा हात आपोआप पुढे जातो, मग ते कागदावर छापलेलं का असेना, असं त्यांचं मत. स्वतः त्या दोन्ही हात पाठीमागे गुंफून, मान जराशी पुढे काढून उभ्या राहायच्या, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारख्या. तुम्हीही अशी एखादी व्यक्ती पाहिली असेल, जिच्या दारात उभं राहिल्यावर आपण उगाचच कॉलर सारखी करतो.

आमची ओळख झाली ती कुरिअरवाल्याच्या आळसामुळे. मँचेस्टरच्या दक्षिणेला, ट्रॅमच्या स्टॉपपासून थोडं चालत गेलं की आमची घरांची रांग लागते. त्या रांगेत चार घरं सोडून त्या राहायच्या. एका शनिवारी त्यांच्या नावाची पुठ्ठ्याची लांबलचक नळी कुरिअरवाला आमच्याकडे टाकून गेला. आडनाव मराठी दिसलं म्हणून मी उत्साहाने पोचवायला गेलो.

"काकू, तुमचं पार्सल."

"कुणाची काकू?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी नळी पुढे केली.

"मी संध्याकाळच्या क्लासला शिकवायचे तेव्हा लोक बाई म्हणत. तेच म्हणा. आत या. हात मागे."

नळीतला कागद त्यांनी जेवणाच्या टेबलावर हळूहळू उलगडला आणि चारही कोपऱ्यांवर जाडजूड शब्दकोश ठेवले. लाल रुमाल बांधलेली एक गोऱ्या गालांची तरुणी, तिच्या हातातून खाली ओघळणारं फुलाफुलांचं कापड, मागे धुराडीच धुराडी, आणि वर प्रदर्शनांत मिळालेल्या पदकांची रांग.

"काय दिसतं?"

"कापडाची जाहिरात."

"ते कुणीही सांगेल. तिचा हात बघा."

मी बघितला. मला तो हातासारखा हात दिसला.

"अंगठा कुठे आहे? कापडाच्या वर. तागा असा कुणी धरतं का? हिनं जन्मात कापड हाताळलेलं नाही. चित्रकारानं एखादी नटी उभी केली असणार. आता ती बघा." त्यांनी भिंतीकडे हनुवटीने खूण केली. "तिचा अंगठा कापडाखाली आहे. ती गिरणीतली."

तासाभराने मी बाहेर पडलो तेव्हा माझं डोकं दुखत होतं आणि पुढच्या शनिवारी यायचं मी कबूल केलेलं होतं. कसं, ते मला आजही सांगता येणार नाही.

बाई मूळच्या इचलकरंजीच्या. वडील यंत्रमागांच्या दुरुस्तीची कामं करत. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. तिथून त्या स्कॉलरशिपवर सोव्हिएत युनियनमध्ये कापडावरची नक्षी शिकायला गेल्या. ते गाव होतं इवानोवो, आणि त्याला रशियाचं मँचेस्टर म्हणतात. मग लग्न झालं ते इथल्या एका मराठी डॉक्टरांशी. "मी तीन मँचेस्टर पाहिली," त्या म्हणायच्या, "आणि ज्याला खरं म्हणतात त्यातच सगळ्यात कमी कापड सापडलं." इथे त्यांनी एका छपाईच्या स्टुडिओत पडद्यांची डिझाइन्स केली. तो बंद पडला. डॉक्टरसाहेबही गेले. मुलगी रेवा शिकून नोकरीसाठी बेसिंगस्टोकला गेली. राहिल्या बाई आणि त्यांचे कागद.

पहिले कागद त्यांना इवानोवोतच मिळाले होते. गिरणीची एक जुनी खोली रिकामी होत होती आणि तिथली रद्दी बॉयलरमध्ये जाणार होती. त्यांच्या शिक्षिकेने एक गठ्ठा बाजूला काढून त्यांच्या हातात दिला. क्रांतीच्या आधीच्या जाहिराती होत्या, मुकुट घातलेल्या बायकांच्या, उंट घेऊन निघालेल्या बुखाराच्या व्यापाऱ्यांच्या. क्रांतीनंतरच्याही होत्या. त्यांत बायका नाहीशा झालेल्या आणि फक्त चाकं, तिरप्या रेघा आणि मोठाली अक्षरं. बाकीचं पुढे आयुष्यभर त्या जमवत राहिल्या.

"हा शब्द वाच," त्या एकदा म्हणाल्या. बाई शांत असल्या की मला 'तुम्ही' म्हणत, चिडल्या की 'तू'. पहिल्या वर्षानंतर 'तुम्ही' मी फारसं ऐकलं नाही.

"मला रशियन येत नाही."

"सीतेत्स. म्हणजे छापील सुती कापड. आपलं चीट. लहानपणी चिटाचे परकर घालायचो ना, तेच. आपल्याकडून हॉलंडला गेलं, तिथून रशियात. आणि ही धुराडी दिसतात, त्यांच्याखाली कातायची यंत्रं होती ती इथून, ओल्डहॅमकडून गेलेली. हा कागद रशियाचा म्हणायचा, आपला म्हणायचा की मँचेस्टरचा?"

हे सगळं मँचेस्टरच्या लोकांना भिंतीवर दिसलं पाहिजे, हा त्यांचा एकच ध्यास होता. आणि तिथूनच आमच्या वैतागाला सुरुवात झाली.

आमच्या भागातल्या एका छोट्या म्युझियमची क्युरेटर तरुण होती, बोलायला चांगली होती. मी बाईंना गाडीतून घेऊन गेलो. तिने कागद पाहिले, हात मागे ठेवले, अंगठ्याची गोष्ट तर तिला फार आवडली. वसंतात एक खोली देते म्हणाली. बाई परतीच्या वाटेवर मला चक्क 'तुम्ही' म्हणाल्या. आणि फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला.

पुढची मीटिंग दहा मिनिटांत संपली. क्युरेटर खूप अवघडली होती. सध्याच्या वातावरणात ते बरं दिसणार नाही, लोकांच्या भावना आहेत, पुढे कधीतरी बघू, असं तिने तीनतीनदा सांगितलं.

"ही चिटाची जाहिरात आहे," बाई म्हणाल्या. "हे छापलं तेव्हा आजचं कुणी जन्मलंही नव्हतं. चिटानं कुणावर हल्ला केला?"

"मला समजतंय तुमचं म्हणणं."

"समजत असतं तर खोली दिली असती."

गाडीत मी म्हणालो, "बाई, थोडं गोड बोलला असता तर पुढच्या वर्षीचं तरी नक्की झालं असतं."

"तू गाडी चालव," त्या म्हणाल्या.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी कुणाला न विचारता, मुलीलाही न सांगता, आपली वरची खोली युक्रेनहून येणाऱ्या एखाद्या माणसासाठी देऊ केली. रेवाचा मला फोन आला. तिचा जन्म इथला. मराठी ती हट्टाने बोलते, पण व्याकरणाशी तिचं पटत नाही. "दादा, आई ऐकतच नाही. एकटी बाई, आणि स्ट्रेंजरला घर देतो. तुम्ही सांगा ना तिला." मी सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता, हे तिलाही माहीत होतं.

आली ती ओलेना. खार्किवची, शाळेत भूगोल शिकवणारी, पन्नाशीच्या आतली. सोबत एक सुटकेस. बाई सकाळपासून तयारीत होत्या. एवढ्या वर्षांनी रशियन बोलायला माणूस मिळणार होतं. खार्किवमध्ये घरोघर रशियन बोलतात हे त्यांना ठाऊक होतं. आरशासमोर वाक्यं म्हणून बघितली होती, असं त्यांनीच मला सांगितलं. सामान आत घ्यायला मी होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या देखत घडलं.

बाईंनी दार उघडलं आणि एक लांब, नटवलेलं वाक्य म्हटलं. ओलेनाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती इंग्रजीत एवढंच म्हणाली, "प्लीज, इंग्लिश." मग तिची नजर हॉलकडे गेली. भिंतीभर ती अक्षरं. एका चित्रात वर सोनेरी दोन डोक्यांचा गरुड, रशियाचं राजचिन्ह. तिने बूट काढले, ते नीट जोडीने ठेवले आणि खोली कुठे आहे असं विचारलं.

ती वर गेल्यावर बाई स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

"स्क्रूड्रायव्हर घेऊन ये," त्या म्हणाल्या.

दुपारभर आम्ही फ्रेमा उतरवल्या. प्रत्येक फ्रेमेमागे वॉलपेपरचा मूळ रंग चौकोनात दिसू लागला. बाईंनी प्रत्येक फ्रेम चादरीत गुंडाळली. मदतीला हात लावू दिला नाही, माझं काम फक्त स्क्रू काढायचं. मला राहवेना. वर्षभर मी त्यांच्यासाठी गाडी चालवली होती, ईमेल लिहिले होते, म्युझियमच्या दारात ओशाळा होऊन उभा राहिलो होतो.

"बाई, म्युझियमवाले दुसरं काय म्हणत होते? त्यांनी नाही म्हटलं तेव्हा तुम्ही भांडलात. आणि आता स्वतःच काढताय."

त्या थांबल्या. माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्यांना लोक काय म्हणतील याची काळजी होती. हिला रात्री झोप लागत नाही. दोन्ही सारखंच वाटत असेल तर तू घरी जा."

मी गेलो नाही. पण रागावलो होतो, हे खरं.

ओलेना त्यांच्याकडे दीड-दोन वर्षं राहिली. आधी एका हॉटेलच्या लाँड्रीत, मग एका शाळेत मदतनीस म्हणून लागली. दोघी इंग्रजीत बोलत, दोघींच्याही इंग्रजीला आपापल्या गावाची ठेवण. पुढे बाई तिच्याकडून युक्रेनियन शिकू लागल्या, त्या वयात. जिना चढता-उतरता शब्द पुटपुटायच्या. एकदा मी समोर असताना त्यांनी विचारलं, "छापील सुती कापडाला तुमच्यात काय म्हणतात?" ओलेनाने सांगितलेला शब्द जवळजवळ तोच होता. "हे बघ," बाई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "ह्यालाही आपणच जबाबदार." ओलेनाला समजलं नाही, तरी ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तिने स्टॉकपोर्टला स्वतःची जागा घेतली, तरी बाईंच्या भिंती रिकाम्याच राहिल्या. ती रविवारी चहाला येते, हे कारण. मग मला वाटलं, निदान इथल्या मराठी मंडळात तरी कागद लावू. दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये असतो. सेक्रेटरी पराग, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, उत्साही मुलगा. तो लगेच हो म्हणाला.

"पण काकू, पैठणीचं काही नाही का? लोक रिलेट करतील."

"हे कापडच आहे," बाई म्हणाल्या. 'काकू'कडे त्यांनी दुर्लक्ष केलं, यावरून त्यांना ते प्रदर्शन किती हवं होतं हे मला कळलं.

चार दिवसांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फ्लायर आलं. लाल रुमालवाल्या त्या तरुणीला परागने एआयकडून नऊवारी नेसवली होती. नाकात नथ, हातात तोच तागा. मागची धुराडी काढून तिथे पणत्या. खाली लिहिलेलं, 'रशिया मीट्स महाराष्ट्र'. त्यावर अंगठे आणि हृदयं यांचा पाऊस पडला.

मी फोन घेऊन त्यांच्याकडे गेलो, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच दाखवावं म्हणून. त्यांनी चष्मा लावला. खूप वेळ पाहिलं.

"हिला सहा बोटं आहेत," त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला.

प्रदर्शन रद्द झालं. परागला वाईट वाटलं, त्याने येऊन माफी मागितली, पुन्हा मूळ चित्र लावतो म्हणाला. बाईंनी त्याला चहा दिला, चकली दिली आणि नाही म्हणाल्या. "तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला ती तशीच आवडली." याच्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं, असं पराग मला बाहेर आल्यावर म्हणाला.

गेल्या वर्षी म्युझियमच्या त्या क्युरेटरने आपणहून फोन केला. आता थोडं वेगळं आहे, आपण काही चित्रं घेऊ, मँचेस्टर आणि यंत्रांचा संबंध दाखवू. फक्त प्रत्येक कागदाची माहिती लिहून हवी. कुठल्या गिरणीचा, कधीचा, कुठून आला, कसा मिळाला. मी आनंदाने धावत गेलो.

"लिहिणार नाही," बाई म्हणाल्या.

"का?"

"लिहिलं की लोक लिहिलेलं वाचतात. चित्र बघत नाहीत. त्यांना इथे पाठव. मी सांगेन."

"बाई, त्यांची पद्धत असते. तुम्ही फक्त बोला. मी फोनवर रेकॉर्ड करतो, मी टाइप करतो. दर शनिवारी दोन कागद."

"फोन बंद कर."

मी आठवडाभर गेलोच नाही. मग गेलो. पुन्हा तोच विषय काढला, पुन्हा तेच उत्तर. क्युरेटरने वाट पाहिली, मग तिचे फोन येणं थांबलं. मी बायकोला म्हणालो की या बाईला तिच्या जाहिराती कुणी बघायलाच नको आहेत, फक्त भांडायला कुणीतरी हवं आहे. बायको म्हणाली, "मग तू कशाला जातोस?"

बाई हिवाळ्यात गेल्या. झोपेत नाही, आजारपणात नाही. दुपारी दूध आणायला निघाल्या, दारातच खाली बसल्या, आणि पोस्टमनने पाहिलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. रेवा आली. घर आवरलं गेलं, विकलं गेलं. फ्रेमा आणि नळ्या व्हॅनमध्ये घालून तिने बेसिंगस्टोकच्या आपल्या गॅरेजमध्ये नेल्या.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. "दादा, मी त्या म्युझियमला विचारलं. ते म्हणतात, पेपर्स नाही, हिस्टरी नाही, तर घेता येत नाही. आईने मला काहीच सांगितला नाही. मला रशियन येत नाही, मराठी पण अर्धा येतो. मी काय करू?"

मी ओलेनाला सहज सांगितलं. ती रविवारी आता आमच्याकडे येते. तिने कप खाली ठेवला आणि विचारलं, "मी येऊ का तिकडे?"

आम्ही दोघं ट्रेनने बेसिंगस्टोकला गेलो. रेवाने गॅरेजमध्ये टेबल-टेनिसचं टेबल उघडून ठेवलं होतं. पहिला कागद पसरला. ओलेनाने चष्मा लावला, आणि ज्या भाषेला तिने इतकी वर्षं तोंडात येऊ दिलं नव्हतं, त्या भाषेत ती मोठ्याने वाचू लागली. गिरणीचं नाव. मालकांचं नाव. गावाचं नाव. मग तेच इंग्रजीत. रेवा लॅपटॉपवर उतरवून घेत होती. दुसरा कागद, तिसरा, चौथा. ओलेनाचा आवाज सपाट होता, औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तसा. पाचव्या कागदावर तो गरुड होता. तिने पहिली ओळ वाचली, दुसरीच्या मध्यावर थांबली आणि चष्मा काढला.

"आज इतकंच," ती म्हणाली. "मला माफ करा."

"नाही, नाही. खूप झाला," रेवा म्हणाली. "थँक यू." ती ओलेनाच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

राहिलेल्या नळ्या भिंतीशी तशाच उभ्या होत्या. अक्षरं एखाद्या दिवशी कुणीतरी वाचेल. पण कोणती बाई गिरणीतली आणि कोणती नटी, कुठला कागद शिक्षिकेने दिला आणि कुठला कुठून आणला, हे आता कोण सांगणार? परतीच्या ट्रेनमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो आणि बाईंवर चिडत राहिलो. ओलेना समोर डोळे मिटून होती. दर शनिवारी दोन कागद, बाई. एवढंच मागत होतो. काय बिघडलं असतं? स्टेशनामागून स्टेशनं गेली तरी माझी वाक्यं संपेनात. बाईंना काय काय सुनवायचं, ते मी मनात जुळवत होतो, एकापेक्षा एक बिनतोड.

ओलेनाला तिच्या बसपर्यंत सोडलं, ट्रॅम पकडली, स्टॉपवर उतरलो. त्याच तंद्रीत आमचं घर मागे टाकून पुढे गेलो, बाईंच्या फाटकाची कडी काढली आणि दोन पावलं आत टाकल्यावर भानावर आलो. खिडकीत एक अनोळखी मुलगी बाळाला कडेवर घेऊन उभी होती. मी कोण, काय हवं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग कुणीतरी शेजारी असेल असं समजून ती हसली आणि तिने हात हलवला.

मीही हात हलवला, फाटक ओढून घेतलं आणि घरी आलो.